सोनटक्क्याचा पंचनामा

लकडगंज, नागपूर
१९ मे १९७८

ती. यमुताई,

तुझ्या धाकट्या आणि तुझ्याच मते बिनकामाच्या भावाचा नमस्कार पोचावा.

तू पारशिवनीला सुखरूप पोचलीस हे तुझ्या पत्रावरून कळले. पत्रात तसे कुठे लिहिलेले नाही, पण पहिल्याच ओळीत मला 'निर्बुद्ध' म्हटले आहेस, त्यावरून प्रकृती ठीक असावी. पत्र 'आवक क्रमांक १' म्हणून फायलीला लावले. चौतीस वर्षे कोर्टाच्या रेकॉर्डरूममध्ये कागदांना नंबर घालत बसलो. मार्चमध्ये मी निवृत्त झालो, हात अजून झालेला नाही.

आपल्यात जे ठरले ते एकदा कागदावर आणतो, म्हणजे पुढे 'मी असं म्हटलंच नव्हतं' नको. तू माझ्याकडे तीन दिवस राहिलीस. स्वयंपाकघरात तुला मुरमुऱ्यांचा डबा, चार कांदे आणि फुटाण्यांची पुडी एवढेच सापडले. त्यावरून तू निकाल दिलास, की तुझी भावजय सिंधू गेल्यापासून ही चार वर्षे मी केवळ योगायोगाने जगलो, आणि आता मी तुझ्याकडे कायमचे राहायला यावे. मी नाही म्हटले. तू पुन्हा म्हटलेस. मी पुन्हा नाही म्हटले. तेव्हा तू पिशवीतून ओल्या फडक्यात बांधलेले सोनटक्क्याचे चार कंद काढून माझ्या पुढ्यात आपटलेस आणि म्हणालीस, "हे सावलीत लाव. ज्याले सोनटक्का फुलवता येते, त्याले सोताचं पोटबी भरता येते. कोजागिरीपर्यंत एक जरी फूल आलं, तं राह्य नागपूरले, मी तोंड उघडणार नाही. नाही आलं, तं ट्रंक घेऊन निंघ."

अट मंजूर आहे, कारण मला इथून हलायचे नाही. अठ्ठावन्न वर्षांत पहिल्यांदाच, माझी आंघोळ किती वाजता झाली हे कोणी विचारत नाही. तुझ्याकडे मी दोन दिवस तुझ्या मधूचा आणि सुनेचा मामा असतो आणि तिसऱ्या दिवसापासून तुझ्या नातवाचा, बंडूचा, गणिताचा मास्तर. ते मला नको. मी एकटा मजेत आहे.

अडचण एकच. सोनटक्क्याला सावली लागते, आणि मे महिन्यातल्या नागपुरात ती ज्याची त्याने शोधायची असते. माझ्या अंगणात झाड नाही. पण पश्चिमेला भिंतीपलीकडे बायजाबाईंची लाकडाची टाल आहे. तिथे सागवानी ओंडक्यांची अकरा फूट उंच थप्पी रचलेली आहे, आणि दुपार कलली की तिची सावली माझ्या अंगणात पडते. त्या सावलीत मी कंद लावले आहेत. वर भिजवलेले गोणपाट आहे.

तुझा
केशव


पारशिवनी
२ जून १९७८

केशव,

अनेक आशीर्वाद, पण तुला त्यांचा उपयोग नाही, तुला अक्कल हवी.

सोनटक्का भादव्याआधी तोंड उघडत नाही. नागपूरच्या हवेत तर आश्विन उजाडेल. तोवर त्याला रोज पाहावं लागतं, जवळ बसावं लागतं. तू अर्ज करशील आणि तो फुलेल असं होत नाही. तुझ्यासाठी मागची खोली रिकामी करून ठेवली आहे. नवी गादी भरून घेतली आहे. ती उंदरांनी खाल्ली तर तुझ्या माथी.

घर नुसतं भरलेलं आहे. काल बंडूचा वरचा पुढचा दात पडला. आम्ही तो रीतीप्रमाणे छपरावर फेकला तर कवेलूत अडकला, आणि पोरगं तासभर रडलं. नीलानं शेवटच्या कुरडया घातल्या, त्या कावळ्यांपासून राखायला धाकटी चिमी काठी घेऊन बसली, तर तिनं स्वतःच अर्ध्या खाल्ल्या. मधूच्या बदलीची हूल उठली आहे. ती दरवर्षी उठते. शाळामास्तरांच्या बायका पावसाआधी कुरडया करतात आणि बदलीच्या बातम्या करतात.

या गडबडीत तुझी एकट्याची भर पडली तर मला काही जड नाही.

यमू


लकडगंज
५ जुलै १९७८

ती. यमुताई,

नमस्कार, आणि सोबत शुभवर्तमान. कंद रुजले. चारांपैकी तिघांनी डोके वर काढले आहे.

पण त्याच दिवशी बायजाबाई ती थप्पी विकायला निघाल्या. मी भिंतीवरून म्हटले, "बायजाबाई, थप्पी हलवू नका. मी सावलीत आहे." त्या म्हणाल्या, "मंग उन्हात कोन बोलावून राहिलं तुमाले?" मी त्यांना सगळी हकीकत सांगितली. त्या विधवा बाई आहेत. नवरा गेल्यावर दहा वर्षे टाल आणि लाकूड कापायची आरा मशीन एकट्या चालवतात, आणि तेवढ्या वर्षांत त्यांना सावली कोणी मागितली नव्हती. "सावली कोनी भाड्यानं घेते का गा केशवबाबू? फुकटची पडून राहिली थे."

फुकटच्या गोष्टीवर हक्क राहत नाही हे मी चौतीस वर्षे पाहिले आहे. सबब, रीतसर करारनामा केला. मुख्य कलमे अशी: थप्पीची सावली दुपारी एकपासून सूर्यास्तापर्यंत केशवराव यांच्या वापरात राहील. ढगाळ दिवशी सावली न पडल्यास मालकीण जबाबदार नाहीत. भाडे म्हणून केशवराव दर आठवड्याला मालकिणीचा एक अर्ज लिहून देतील, कारण जंगलखात्याला अर्जांची भूक फार. आणि पहिले फूल मालकिणीचे. शेवटच्या कलमावर बायजाबाई म्हणाल्या, "मी फूल घेऊन का करू?" मी म्हटले, करारात काहीतरी सुगंधी असावे.

तुझा माझ्या शब्दावर भरवसा नाही, म्हणून पुरावा जोडतो.

'पंचनामा क्र. १. आज रोजी आम्ही खाली सह्या करणार पंच, केशवरावांच्या अंगणात समक्ष हजर राहून पाहिले असता, जमिनीतून हिरवे तीन कोंब वर आलेले दिसले. पैकी एक वाकडा. सदरहू कोंब सोनटक्क्याचे आहेत असे केशवराव म्हणतात. हळदीचे कोंबही असेच दिसतात, असे पंच क्र. २ यांचे म्हणणे आहे व ते त्यांच्या आग्रहावरून नोंदवले. पंच क्र. १ बायजाबाई. पंच क्र. २ कवडू, आरा मशीनवरचे मिस्त्री.'

कवडू भला माणूस आहे, पण साक्षीदार म्हणून त्रासदायक.

तुझा
केशव


पारशिवनी
२२ जुलै १९७८

केशव,

तुझा पंचनामा वाचला. आपले वडील वर बसून कपाळाला हात लावत असतील. कोंबाचा पंचनामा! उद्या फुलाला समन्स काढशील.

पान दोन बोटं रुंद झालं की सांग. कडेनं पिवळं पडलं तर पाणी साचतंय असं समज. शेण घाल. घालताना अर्ज नको.

इथे पाऊस लागून राहिला आहे. मुलं घरात कोंडली की काय होतं तुला ठाऊक आहे, एवढा आवाज की पत्र लिहायला सुचत नाही. बंडू गणितात कच्चाच आहे. त्याला कोणीतरी हवं.

तुझं पत्र यायला या वेळी दोन आठवड्यांवर दिवस लागले. पोस्टमनला मी दोनदा विचारलं. माणूस आळशी झाला आहे. पोस्टमन म्हणते मी.

यमू


लकडगंज
८ ऑगस्ट १९७८

ती. यमुताई,

नमस्कार. पाने दोन बोटे सोडून तीन बोटे रुंद आहेत. पंचनामे क्रमांक दोन ते पाच सोबत आहेत. क्रमांक चारमध्ये कवडूने हळदीचा मुद्दा मागे घेतला आहे. पान चुरगाळून वास घेतल्यावर त्याची खात्री पटली.

मध्ये एक विघ्न आले, ते निस्तरले. उमरेडकडचे रुपराव म्हणून कंत्राटदार आहेत, त्यांना शाळेच्या छपरासाठी सगळी थप्पी हवी होती. बायजाबाईंना नाही म्हणवेना, आणि का म्हणाव्यात, त्यांचा तो धंदा आहे. म्हणून मीच थप्पीवर नोटीस डकवली: 'सदरहू थप्पीची सावली भाडेपट्ट्याने दिलेली असून, लाकूड खरेदी करणाऱ्याने सावली जागेवर सोडून माल उचलावा.' रुपरावांनी ती तीनदा वाचली. टोपी काढून पुन्हा वाचली. मग म्हणाले, "आतापर्यंत मी सरकारी कामं केली, पन असं नाही पाह्यलं," आणि वकिलाला विचारायला गेले.

आठ दिवसांनी परत आले. वकिलाचे मत असे पडले, की सावली मालाबरोबरच जाते, मात्र अर्धाच माल उचलल्यास उरलेली सावली जागेवर राहते व करार मोडत नाही. मत चोख होते. मला मान्य करावे लागले. रुपरावांनी वरचे साडेपाच फूट नेले.

सावली अर्थातच आखडली. पण मी काही तजवीज केली आहे. तू काळजी करू नकोस आणि कोणी काही सांगितले तर विश्वास ठेवू नकोस.

तुझा
केशव


पारशिवनी
१९ ऑगस्ट १९७८

केशव,

घरमालकानं तुला बाहेर काढलं हे मला का लिहिलं नाहीस?

इथल्या दवाखान्यातले कंपाउंडर देवराव लकडगंजला बहिणीकडे गेले होते. ते सांगत आले, "यमुताई, तुमच्या भावाचं बिऱ्हाड रस्त्यावर आलं वं. बाज, कपाट, ट्रंक, समदं लाकडाच्या ढिगावर रचून ठेवलं. अन् सगळ्यात वरते एका काठीले त्याचा काळा कोट टांगला." मी हातातली परात खाली ठेवली आणि तिथेच बसले. कोट काठीला टांगला म्हणजे माझ्या मनात काय काय आलं ते लिहीत नाही.

लाजू नकोस. भाडं थकलं असेल, भांडण झालं असेल, काही असो. सामान बैलगाडीत घाल, नाहीतर तसंच टाक. फूल मरू दे. आजच्या आज नीघ. इथे सगळे तुझी वाट पाहतात. नीला आत्ताच म्हणाली, मामांना बोलवा. ती मागे अंगणात कुरडया वाळत घालते आहे, मुलं तिच्या भोवती नाचताहेत, आणि मी इथे तुझ्यासाठी जिवाला घोर लावून बसले आहे.

यमू


लकडगंज
४ सप्टेंबर १९७८

ती. यमुताई,

नमस्कार, आणि माफी. मला कोणी काढलेले नाही. मीच सामान काढले आहे.

थप्पी साडेपाच फुटांवर आली, तेव्हा सोनटक्क्यावर तीन वाजेपर्यंत ऊन येऊ लागले. करारात सावलीची वेळ लिहिली होती, उंची भरून काढायची कोणी हे लिहायचे राहिले होते. चूक मसुदा करणाऱ्याची, म्हणजे माझी. तेव्हा कपाट चढवले. त्यावर बाज कुशीवर उभी केली. फटीतून उन्हाची तिरीप येत होती तिथे सिंधूची ट्रंक बसवली. कोट वरच्या टोकाला लावला, तो चार ते साडेचार या वेळेत नेमका वाकड्या कोंबावर सावली धरतो. चौतीस वर्षांत त्या कोटाने इतके नेमके काम केले नव्हते.

मी जमिनीवर झोपतो. छान झोप लागते. बायजाबाई माझा सकाळचा डबा पाठवतात, त्यामुळे पोटाचीही काळजी नको. त्यांचे म्हणणे, "पाव्हनं उपाशी मेलं तं सावलीचं भाडं कोन देईन?"

आता नवीनच गोष्ट लक्षात आली. सूर्य दक्षिणेकडे सरकतो आहे, त्यामुळे सावली रोज थोडी उत्तरेला जाते. माझी झाडे दक्षिणेकडून उघडी पडू लागली. कवडूला सांगितले. तो म्हणाला, "सूर्याले नोटीस देऊन पाहा." मग तो आणि त्याची माणसे दर शुक्रवारी काम संपल्यावर अख्खी थप्पी, माझ्या संसारासह, हातभर दक्षिणेला सरकवतात. एका गिऱ्हाइकाने बायजाबाईंना विचारले, की ही लाकडे कुठे चालली आहेत. त्या म्हणाल्या, "कोजागिरीले."

ताई, दांडा निघाला आहे. टोकाला हिरव्या कणसासारखे काहीतरी धरते आहे. मी रोज जवळ बसतो.

तुझा
केशव


पारशिवनी
२१ सप्टेंबर १९७८

केशव,

तुला शिव्या द्याव्या म्हणून तीन कागद फाडले. हा चौथा.

जिवंत आहेस, बाहेर काढलेलं नाही, एवढं पुरे. पण शहाण्या माणसाचं घर असं चालत जातं का?

महालक्ष्म्या झाल्या. सोळा भाज्या, आंबील, कथली, सगळं झालं. घर पाहुण्यांनी फुललं होतं, उभं राहायला जागा नव्हती. बंडूचा वरचा पुढचा दात पडला. आम्ही तो छपरावर फेकला तर कवेलूत अडकला, पोरगं तासभर रडलं.

केशव, कणीस धरलं म्हणजे फूल येतंच असं नाही. पुष्कळदा ते तसंच सुकतं. तसं झालं तर मनाला लावून घेऊ नकोस. आणि कोजागिरीची तरी वाट कशाला पाहायची? ते मी आपलं बोलायला बोलले होते. तू दसऱ्यालाच आलास तरी मी काही म्हणणार नाही. गादी तशीच आहे.

यमू


लकडगंज
१७ ऑक्टोबर १९७८

ती. यमुताई,

नमस्कार. काल कोजागिरी झाली. मी हरलो.

'पंचनामा क्र. १४. आज रोजी समक्ष पाहिले असता, सोनटक्क्याच्या तीन झाडांपैकी एकासही फूल आलेले नाही. कणीस सुकलेले आहे. येणेप्रमाणे पंचनामा खरा आहे.' पंच कामात असल्याने सह्या नंतर पाठवतो.

ठरल्याप्रमाणे मी रविवारी, २९ तारखेला, दिवाळीच्या आधी ट्रंक घेऊन येतो. घरमालकाला कळवले आहे. तू बरोबर होतीस. एकट्या माणसाचे काही खरे नाही. बंडूचे गणित मी पाहीन. मागच्या खोलीत ऊन येते की नाही हे विचारायचे राहिले, पण येत असले तरी चालेल.

तुझा
केशव


लकडगंज
१७ ऑक्टोबर १९७८

यमुताईले बायजाबाईचा रामराम.

मले लिव्हता येत नाही. माये सारे कागद केशवबाबू लिव्हतात, पन हे त्याईच्याकडून कसं लिव्हून घेऊ? म्हनून कवडूची पोरगी शामला, कालेजात शिकते, तिले बसवलं. ती म्हनते असं बोलल्यावानी लिव्हत नसतात. मी म्हटलं, तू लिव्ह वं.

तुमच्या भावानं खोटा कागद धाडला. माया अंगठा मागतला, मी नाही देल्ला. कवडूनं सही नाही केली. फूल आलं, ताई. दसऱ्याच्या आदल्या दिवशी सांजच्याले आलं. एक नाही, पाच आले. पांढरे फट. टालीत सागाचा भुसा उडून राहिला, तरी वास इकडंपर्यंत. केशवबाबू लेकरावानी नाचले. कराराचं पयलं फूल मले देल्लं, मी दसऱ्याले आरा मशीनले वाह्यलं. दुसरं कवडूनं मागतलं, थो दीक्षाभूमीवर घेऊन गेला. बाकीचे तीन पंच लोकायनी मोजले अन् कागद झाला. जितले म्हना ना तुमचे भाऊ.

मंग त्याईनं तुमाले कागद धाडाच्या आधी फाईल काहाडली. तुमचे समदे पत्र नंबरानं लावले. म्हने, निकालाच्या आधी रेकॉर्ड तपासा लागते. वाचता वाचता दोन नंबर अन् पाच नंबर जवळजवळ ठेवले. मले म्हने, "बायजाबाई, एका पोराचा तोच दात दोनदा पडते का?" मी म्हटलं, नाही. मंग चार नंबर वाचून दाखवला. "सरावनात कुरडया कोन घालते?" मी म्हटलं, पान्यात कुरडया घातल्या तं त्याचा चीक होईन, येडी हाये का ती बाई? ते म्हने, "ती येडी नाही. तिच्या घरात कोनी नाही."

तवापासून चार दिवस डबा वापस आला. अन् काल हा खोटा पंचनामा केला. चौतीस साल ज्या मानसानं कागदाले खोटा डाग नाही लागू देल्ला, त्यानं. रडून राहिले होते लिव्हताना.

आता तुमी मले खरं सांगा. त्याईले नका सांगू पायजे तं. नातू कुठं गेले तुमचे?

बायजाबाई


पारशिवनी
२० ऑक्टोबर १९७८

केशव,

तुझं पत्र आणि बायजाबाईचं पत्र एकाच दिवशी आलं. पोस्टमन म्हणाला, आजीबाई, आज दोन दोन. मी दाराशीच उभी होते. मी रोज उभी असते.

मधूची बदली खरी होती. हुकूम एप्रिलातच आला होता. मी तुझ्याकडे तीन दिवस राहिले, तेव्हा तो माझ्या पिशवीतच होता, कंदांच्या खाली. तुला सांगायलाच आले होते मी. पण तुझ्या स्वयंपाकघरात मुरमुऱ्यांचा डबा दिसला आणि मला रागवायला सुरुवात करता आली. मला रागावता येतं, केशव. मागता येत नाही. आई गेली तेव्हा तू सहा वर्षांचा होतास आणि मी चौदाची. तेव्हापासून तुला हुकूमच सोडत आले, मागणार कशी?

जूनच्या मध्याला ते सगळे सिरोंच्याला गेले. दोन दिवसांचा रस्ता, मध्ये नदी. मला चल म्हणाले. मी म्हटलं, घर कोण पाहील? घराला कोणी पाहावं लागत नाही, हे मला जुलैत कळलं. महालक्ष्म्यांना मी एकटीनं सोळा भाज्या केल्या, एकेक वाटी. कोणी आलं नव्हतं. मी कोणाला बोलावलंच नव्हतं. बोलावलं असतं तर ते म्हणाले असते, मुलं कुठे आहेत.

दात मी चुकून पुन्हा लिहिला. मला दुसरं काही सुचत नव्हतं, आणि तो दिवस मला फार आवडला होता.

आता बोलल्यासारखंच लिहिते, तुझ्या बायजाबाईसारखं. मले एकटीले भेव लागते रे. दिवसा काही नाही. सांजचा दिवा लावला का भेव लागते. दोघायचा सैपाक करते अन् दोन दिवस खाते.

पण तू येऊ नको. तू जितला आहेस. पाच फुलं आली, मी एकच मागितलं होतं. माझा शब्द आहे, तू नागपूरले राह्य. माझ्यासाठी तू खोटा कागद केलास, तेवढं मला जन्माला पुरेल. घरमालकाला सांग, खोली सोडत नाही.

हा हुकूम आहे.

यमू


लकडगंज
२३ ऑक्टोबर १९७८

ताई,

पंचनामा क्रमांक चौदा मी रद्द करून फाडला. फाडलेल्या कागदाची नोंद ठेवायची नसते, ती ठेवली नाही. तुझा हुकूम मिळाला. पाळणार नाही. पहिल्यांदाच.

मी एकटा मजेत आहे असे तुला लिहीत आलो, त्यातले निम्मेच खरे आहे. फूल आले तेव्हा मी आधी आत पळालो, सिंधूला सांगायला. दारात पोचल्यावर आठवले. मग भिंतीवरून बायजाबाईंना हाका मारल्या. त्या ओरडल्या नसत्या, कवडूने शिट्टी वाजवली नसती, तर पाच फुले घेऊन मी तिथेच बसून राहिलो असतो. दया म्हणून तुला घरात घेतो आहे असे समजू नकोस. मला तू हवी आहेस. हेही मी कधी मागितलेले नाही, तेव्हा मसुदा कच्चा असेल.

घराला कुलूप घाल. किल्ली देवराव कंपाउंडरकडे दे. गादी आण, माझ्याकडे एकच आहे. मधूला मी पत्र टाकले आहे, की दिवाळीला सगळ्यांनी नागपूरलाच यावे, सिरोंच्याहून एवढे यायचे तर शहरात यावे. रागावशील तर इथे आल्यावर रागाव.

बाज, कपाट आणि ट्रंक खाली काढली. तुला जमिनीवर झोपवणार नाही. त्यामुळे थप्पी पुन्हा बुटकी झाली, तर बायजाबाईंनी नव्या गाडीतले ओंडके वर चढवायला लावले. त्यांना म्हटले, करारात हे नाही. त्या म्हणाल्या, "बहीन येऊन राहिली ना तुमची? तिले का उन्हात बसवता?" दोन झाडांना अजून कळ्या आहेत. खालचा चौथा कंदही परवा उगवला, पाच महिने काय करत होता कोण जाणे.

शनिवारी दुपारच्या पारशिवनीच्या गाडीने नीघ. ती गाडी वेळेवर कधी येत नाही हे मला ठाऊक आहे. स्टँडवर उभा असेन. किती का उशीर होईना, मी जेवायचा थांबतो.

केशव